जपानांतील ताम्रपट-चित्रें

जपानी चित्रकला म्हटली कीं लांकडी ठशांवरून छापलेलीं रंगीत चित्रें बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उभीं राहतात. परंतु त्याच देशांत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत तांब्याच्या पत्र्यावरून चित्रें छापण्याची एक लहानशी परंपरा उदयास आली. बाहेरच्या जगाचीं कवाडें बंद असतां कांहीं जिज्ञासू माणसांनीं तेथील विद्या कशी हस्तगत केली, हें तिच्या इतिहासावरून चांगलें कळतें.

वस्तुतः ही विद्या जपानांत त्यापूर्वींच एकदां येऊन गेली होती. १५८२ सालीं जपानी सरदारांनीं चार तरुणांचें एक शिष्टमंडळ युरोपास धाडलें. परतीच्या वाटेवर या मंडळींचा मुक्काम गोव्यास पडला, आणि त्यांच्यापैकीं एकानें तेथें केलेलें लॅटिन भाषण त्यांच्याबरोबर आलेल्या छापखान्यावर १५८८ सालीं छापण्यांत आलें. १५९० सालीं तो छापखाना जपानांत पोंचला. क्यूशू बेटावरील जेसुइट पाठशाळांतून जपानी विद्यार्थी तैलरंगांत चित्रें काढूं लागले व तांब्यावर कोरूंहि लागले. त्या काळचीं, १५९७ च्या सुमाराचीं, धार्मिक ताम्रपट-चित्रें अद्यापि जतन केलेलीं आहेत. पुढें १६१४ सालीं ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली, धर्मोपदेशकांना हांकलून देण्यांत आलें, आणि त्यांच्याबरोबर ही विद्याहि लोपली.

त्यानंतर १६४१ पासून युरोपीयांपैकीं एकट्या डच व्यापाऱ्यांना नागासाकीजवळच्या देजिमा या चिमुकल्या बेटावर राहण्याची मुभा उरली. त्यांच्या गलबतांतून क्वचित् कांहीं ग्रंथ येत. १७२० सालीं शोगुन योशिमुने यानें धर्माशीं संबंध नसलेल्या परकी ग्रंथांवरील निर्बंध सैल केले, तेव्हां डच विद्येच्या अभ्यासास हळूहळू वाव मिळूं लागला. सुगिता गेनपाकु व त्याचे सहकारी यांनीं शरीररचनेवरील एका डच ग्रंथाचें भाषांतर १७७४ सालीं प्रसिद्ध केलें. मूळ ग्रंथांतील आकृत्या तांब्यावर कोरलेल्या होत्या. जपानी भाषांतरांत त्या लांकडावर उतरवाव्या लागल्या, कारण दुसरा मार्ग कोणासहि ठाऊक नव्हता.

तो मार्ग शोधून काढला एदो, म्हणजे आजचें टोकियो, येथील शिबा कोकान यानें. त्याचा जन्म १७४७ चा. तरुणपणीं त्यानें लांकडी ठशांचीं चित्रें केलीं, आणि प्रसिद्ध चित्रकार सुझुकि हारुनोबु याच्या मृत्यूनंतर त्याच्या नांवावर स्वतःचीं चित्रेंहि खपविलीं. उतारवयांत त्यानेंच याची कबुली लिहून ठेवली आहे. शोमेल याच्या ज्ञानकोशाच्या डच आवृत्तींत ताम्रपट-मुद्रणाची कृति दिलेली होती. ओत्सुकि गेन्ताकु या डच-पंडित वैद्याच्या साहाय्यानें कोकाननें ती समजून घेतली. शिकविणारा कारागीर कोणी नव्हता. हातीं होता तो केवळ छापील मजकूर.

ही कृति थोडक्यांत अशी: तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेण व राळ यांचा पातळ थर द्यावयाचा आणि सुईनें त्यांत चित्र रेखाटावयाचें. मग पत्र्यास तेजाब लावलें म्हणजे जेथें सुईनें थर निघाला असेल तेथेंच तांबें खाल्लें जाऊन बारीक चर पडतात. थर काढून चरांत शाई भरावयाची, वरची शाई पुसून टाकावयाची, आणि ओलसर कागद ठेवून पत्रा रुळांच्या दाबाखालून काढावयाचा. लांकडी ठशांत उंच राहिलेली रेषा उमटते, तर येथें खोल गेलेली रेषा उमटते. लांकडी ठशाचें काम हातानें कागद घासून भागत असे. ताम्रपटास मात्र छापयंत्रावांचून गत्यंतर नाहीं.

१७८३ सालीं कोकाननें सुमिदा नदीच्या कांठच्या मिमेगुरि या स्थळाचें दृश्य या रीतीनें छापलें, आणि जपानांत ही रीत आपणच निर्माण केली असें त्यावर नमूद केलें. क्यूशूंतील जुन्या पाठशाळांचा विचार करतां हा दावा काटेकोरपणें खरा ठरत नाहीं; परंतु मधलें अंतर जवळजवळ दोन शतकांचें होतें. हें चित्र उलटें छापलेलें आहे, कारण तें आरसा व भिंग बसविलेल्या यंत्रांतून पाहावयाचें असे. त्यांतून पाहिलें म्हणजे डावें-उजवें सरळ होई आणि नदीचा कांठ दूरवर गेल्याचा भास होई. सावली व अंतर दाखविणारी ही पाश्चात्य पद्धतीच वस्तूचें खरें स्वरूप दाखविते, व चित्र हें लोकोपयोगी साधन आहे, असें मत त्यानें १७९९ सालच्या आपल्या निबंधांत मांडलें. १७९२ सालीं त्यानें जगाचा नकाशाहि तांब्यावरून छापला.

या कलेस पूर्णत्व आणलें तें आओदो देनझेन यानें. सुकागावा गांवच्या या चित्रकाराचा जन्म १७४८ चा. शिराकावाचा सरदार मात्सुदाइरा सादानोबु याची त्याच्यावर १७९४ सालीं, म्हणजे चाळिशी उलटून गेल्यावर, नजर गेली. हा सादानोबु कांहीं उदार मताचा म्हणून प्रसिद्ध नव्हता. परकी आक्रमणाचा इशारा देणाऱ्या हायाशि शिहेइ याच्या ग्रंथाचे ठसे १७९२ सालीं जप्त झाले ते याच्याच कारकीर्दींत. तरीहि अचूक नकाशे व आकृत्या यांची राज्यास गरज आहे, हें त्यास कळत होतें. त्याच्या आश्रयानें देनझेननें ताम्रपटाचें तंत्र कमावलें. उदागावा गेनशिन याच्या वैद्यकीय ग्रंथासाठीं त्यानें केलेल्या शरीररचनेच्या आकृत्या १८०८ सालीं निघाल्या. १७७४ मध्यें जें साधलें नव्हतें तें आतां साधलें. ताकाहाशि कागेयासु यानें सरकारी आज्ञेवरून १८१० सालीं सिद्ध केलेला जगाचा मोठा नकाशाहि देनझेननेंच तांब्यावर उतरविला.

परंतु सत्तेस उपयोगी पडणारें ज्ञान सत्तेच्या मुठींतच राहिलें पाहिजे, ही समजूत ढळली नव्हती. याच कागेयासूनें पुढें जपानचे नकाशे फोन सीबोल्ट या परकी वैद्यास दिले व मोबदल्यांत युरोपीय ग्रंथ घेतले. १८२८ सालीं त्यास अटक झाली, आणि १८२९ सालीं कारागृहांतच त्याचा अंत झाला.

योगायोग असा कीं, याच सुमारास महाराष्ट्रांतहि तांब्याचा पत्रा मुद्रणाच्या कामीं आला. १८०५ सालीं मिरजेस गंगाधरराव पटवर्धन यांच्या आश्रयानें ताम्रपटांवर कोरलेली भगवद्गीता छापली गेली. तेथें अक्षरें होतीं, जपानांत चित्रें व नकाशे होते. दोन्हीं ठिकाणीं परकी विद्या देशी हातांनीं आत्मसात् केली. जपानांत मात्र ती एकदां समूळ नष्ट होऊन ग्रंथाच्या आधारें पुनः उभी राहिली. धर्मोपदेशकांबरोबर कारागीर गेले, त्यांचे शिष्य पांगले. पण दूरच्या देशांत कोणी ती कृति लिहून छापली होती, म्हणूनच कोकानच्या हातीं ती लागूं शकली.