दृष्टिपटलावरील छिद्र : एका शस्त्रक्रियेच्या इतिहासाचे पुनरवलोकन

वैद्यकाच्या इतिहासलेखनात नव्या उपचाराचे श्रेय बहुधा नव्या उपकरणास दिले जाते. दृष्टिपटल विलगतेच्या, म्हणजे बोलीभाषेत 'डोळ्याचा पडदा सरकण्या'च्या, शस्त्रक्रियेचा इतिहास या समजुतीस छेद देतो. हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये ऑप्थॅल्मोस्कोप सिद्ध केला व जिवंत माणसाच्या डोळ्याचे अंतरंग पाहणे शक्य झाले. १८५३ मध्ये कोक्सियस यांनी विलग दृष्टिपटलावरील छिद्राची नोंदही केली. परंतु त्या छिद्रावर उपचार सुरू होण्यास पुढे साठहून अधिक वर्षे लागली.

या विलंबाचे कारण दृष्टीत नसून अन्वयार्थात होते. पटलामागे द्रव साचतो, त्याच्या दाबाने पटल सुटते व शेवटी फाटते, असे अनेक तज्ज्ञ मानत. छिद्र हा त्यांच्या मते परिणाम होता. डी वेकर (१८७०) व लेबर (१८८२) यांनी छिद्र हेच कारण असावे असे सुचविले होते. तथापि ते मत रुजले नाही. रुग्णास आठवडेच्या आठवडे निश्चल पडून राहण्यास सांगणे, एवढेच बहुतेकांच्या हाती उरले. डेरिक वेल यांनी १९१२ मध्ये अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांकडे चौकशी केली, तेव्हा बरे होणाऱ्यांचे प्रमाण हजारात एक इतकेच निघाले.

स्वित्झर्लंडमधील लोझान येथील ज्यूल गोनँ (१८७०-१९३५) यांनी हा कार्यकारणभाव उलटा केला. डोळ्यातील काचाभ द्रव पटलास ओढतो, त्यामुळे पटल फाटते आणि त्या फटीतून द्रव मागे शिरून पटल सुटते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ते खरे असेल तर द्रव काढणे पुरेसे नव्हते. छिद्र बुजविणे अपरिहार्य होते. १९१९ च्या सुमारास त्यांनी मांडलेल्या पद्धतीत छिद्राचे स्थान ऑप्थॅल्मोस्कोपने निश्चित करून ते मोजमापाने श्वेतपटलावर आखले जाई. तेथे छेद घेऊन द्रव बाहेर सोडला जाई व तप्त शलाकेने छिद्राच्या कडा डागल्या जात. मोजणीत थोडी चूक झाली तरी सारे श्रम वाया जात. विरोध तीव्र होता आणि तो सर्वस्वी दुराग्रहाचा होता असेही म्हणता येत नाही, कारण इतरांस छिद्र सापडतच नसे. १९२९ च्या आम्स्टरडॅम येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत मात्र इतर शल्यचिकित्सकांनीही अनुकूल अनुभव मांडले. पुढे यशाचे प्रमाण निम्म्याच्या आसपास पोहोचले.

छिद्र न सापडण्याची अडचण दूर केली ती चार्ल्स शेपेन्स यांनी. मूळचे बेल्जियमचे हे डॉक्टर दुसऱ्या महायुद्धात नाझीविरोधी प्रतिकार चळवळीत होते व पिरेनीज पर्वतातून माणसे गुप्तपणे स्पेनमध्ये पोहोचवीत. १९४० च्या दशकात त्यांनी डोक्यावर बसविता येणारा द्विनेत्री ऑप्थॅल्मोस्कोप घडविला. त्यामुळे पटलाची दूरची कडही खोलीसह दिसू लागली आणि शल्यचिकित्सकाचे हातही मोकळे राहिले. म्हणजे येथे उपकरणाचे महत्त्व निर्विवाद आहे. पण काय शोधायचे हे आधीच ठरलेले होते. कुस्टोडिस यांनी १९४९ मध्ये श्वेतपटलावर बाहेरून आधार शिवून छिद्र बंद करण्याची रीत आणली. शेपेन्स यांनी पुढे डोळ्याभोवती पट्टा बसविला. त्यांच्याच हाताखाली बोस्टन येथे प्रशिक्षण घेतलेल्या डॉ. एस. एस. बद्रीनाथ यांनी १९७८ मध्ये चेन्नईत शंकर नेत्रालयाची स्थापना केली.

ज्या ओढीमुळे पटल फाटते असे गोनँ म्हणत, ती ओढच नष्ट करण्याचा मार्ग मायामीत रॉबर्ट मॅकेमर यांनी १९७० मध्ये खुला केला. काचाभ द्रव कापून शोषून घेणाऱ्या त्यांच्या उपकरणाची पूर्वचाचणी अंड्याच्या पांढऱ्या बलकावर झाली होती. १९७४ मध्ये ओमॅली व हाइन्ट्झ यांनी एकाच जाड उपकरणाऐवजी तीन बारीक छेदांची पद्धत आणली. २००२ पासून अर्ध्या मिलिमीटरच्या जवळपास व्यासाची उपकरणे आली व अनेकदा टाकेही लागेनासे झाले. श्वेतपटलावर बाहेरून आधार शिवण्याची रीत मात्र, विशेषतः तरुण रुग्णांत, आजही वापरली जाते.