अक्षरांचे घड्याळ : उर्दू, मराठी आणि इंग्रजी लिपीतून संख्यांचे गणित

गुप्त लिखाणाला इंग्रजीत ‘सायफर’ म्हणतात. हा शब्द मुळात आपल्या ओळखीचा आहे. तो अरबी ‘सिफ़र’वरून आला. भारतातले शून्य अरबांनी ‘सिफ़र’ या नावाने घेतले, लॅटिनमार्गे ते युरोपात गेले आणि तिथे या शब्दाला आधी अंक, मग सांकेतिक लिपी असा अर्थ चिकटला. म्हणजे अक्षरे लपवणे आणि अंक मोजणे यांचे नाते शब्दातच आहे. या नात्याचा उपयोग करून पाचवी ते आठवीच्या मुलांना बाकी, मसावि, मूळ संख्या आणि सहमूळ संख्या कशा शिकवता येतील, ते या लेखात पाहू.

हा विषय आपल्या घरांसाठी का?

कर्जत, नेरळ, खालापूर, खोपोली या पट्ट्यात आपल्या बऱ्याच घरांतले मूल तीन-चार लिप्या हाताळते. मदरशात अरबी कायदा, घरी किंवा शाळेत उर्दू, बाहेर मराठी, शिवाय इंग्रजी. उर्दू माध्यमातून पुढे मराठी किंवा सेमी-इंग्रजीत गेले की गणित तेच राहते, पण शब्द बदलतात. काल ‘मुफ़रद अदद’ म्हणणाऱ्या मुलासमोर आज ‘मूळ संख्या’ येते. मूल गप्प बसते आणि घरात-वर्गात शिक्का बसतो, “याचं गणित कच्चं आहे.” कच्चे गणित नसते, शब्दांचा पूल नसतो. म्हणून आधी हे शब्द समोरासमोर ठेवू :

– भाज्य : मक़सूम
– भाजक : मक़सूम अलैह
– भागाकार : ख़ारिज-ए-क़िस्मत
– बाकी : बाक़ी
– मूळ संख्या : मुफ़रद अदद
– संयुक्त संख्या : मुरक्कब अदद
– मसावि : आद-ए-आज़म
– लसावि : ज़ुअज़ाफ़-ए-अक़ल

ही यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावी.

आधी बाकी समजून घेऊ

आता नऊ वाजलेत, पाच तासांनी किती वाजतील? चौदा नव्हे, दोन. घड्याळ १२ नंतर पुन्हा १ वर येते, म्हणजे १४ ला १२ ने भागून उरलेली बाकी २. वारांचेही तसेच. आज जुमा असेल तर १०० दिवसांनी कोणता वार? १०० ला ७ ने भागले की बाकी २ उरते, म्हणजे जुम्यापासून दोन वार पुढे, इतवार. भागाकार किती आला याच्याशी आपल्याला देणेघेणे नाही, बाकीच सगळे सांगते. आता घड्याळावर अंकांऐवजी अक्षरे मांडू.

मराठीचे ३४ अक्षरांचे घड्याळ

मराठीत व्यंजने ३४. क ते म ही पाच-पाचच्या पाच वर्गांतली २५, मग य, र, ल, व, श, ष, स, ह आणि ळ. त्यांना क्रमाने नंबर द्यावेत : क १, ख २, ग ३, घ ४, ङ ५, च ६... त १६, प २१, म २५, य २६, र २७, ल २८, व २९, श ३०, ष ३१, स ३२, ह ३३, ळ ३४. काना-मात्रा-वेलांटी सोडून द्यायची. ज़ेर-ज़बर-पेशशिवाय उर्दू वाचणाऱ्या मुलांना याचे नवल वाटत नाही, ‘क र ज त’ पाहून ती सहज ‘कर्जत’ वाचतात.

पहिला खेळ सरकवण्याचा. किल्ली घेऊ ५, म्हणजे प्रत्येक अक्षराच्या नंबरात ५ मिळवायचे. कर्जत म्हणजे १, २७, ८, १६. त्याचे झाले ६, ३२, १३, २१, म्हणजे ‘च स ड प’. ५ ची किल्ली वर्गांमध्ये अक्षराला सरळ एक ओळ खाली उतरवते, क चा च आणि च चा ट. हे मुले स्वतःच ओळखतात, आपण सांगू नये. नेरळमध्ये गंमत होते. ळ ३४, त्यात ५ मिळवले की ३९. एवढी अक्षरेच नाहीत! मग ३४ वजा करा, उरले ५, म्हणजे ङ. नेरळचे झाले ‘म स ङ’. उलगडताना ५ वजा करायचे, आणि उत्तर शून्य किंवा ऋण आले तर ३४ मिळवायचे.

गुणाकाराची किल्ली : इथे मसावि कामाला येतो

आता मिळवण्याऐवजी गुणू. किल्ली ३. क १ चा ३ झाला, म्हणजे ग. र २७ चा ८१, त्यातून ६८ गेले, उरले १३, म्हणजे ड. ज ८ चा २४, म्हणजे भ. त १६ चा ४८, त्यातून ३४ गेले, उरले १४, म्हणजे ढ. कर्जत झाले ‘ग ड भ ढ’.

किल्ली २ घेतली तर? क १ चा २ झाला, म्हणजे ख. द १८ चा ३६, त्यातून ३४ गेले, उरले २, म्हणजे पुन्हा ख. चिठ्ठी मिळणाऱ्याने ख वाचला, पण तो क होता की द? कळायला मार्ग नाही, चिठ्ठी वाया गेली. १७ ची किल्ली तर त्याहून वाईट. विषम नंबरची सगळी अक्षरे थ होतात, सम नंबरची सगळी ळ. कर्जतचे ‘थ थ ळ ळ’ आणि खालापूरचे ‘ळ ळ थ थ’.

मुलांना १ ते ३३ किल्ल्या वाटून द्याव्यात आणि चालणाऱ्या एका बाजूला, न चालणाऱ्या दुसऱ्या बाजूला लिहायला सांगावे. चालणाऱ्या निघतात १६ : १, ३, ५, ७, ९, ११, १३, १५, १९, २१, २३, २५, २७, २९, ३१, ३३. (१ चालते, पण ती काहीच लपवत नाही.) न चालणाऱ्यांत सगळ्या सम संख्या आणि १७. कारण ३४ = २ × १७. किल्ली आणि ३४ यांचा मसावि १ असेल तरच चिठ्ठी परत उलगडते. ज्या दोन संख्यांचा मसावि १, त्या सहमूळ. पुस्तकातली एका ओळीची व्याख्या इथे पहिल्यांदा काहीतरी काम करताना दिसते. दिलेल्या संख्येशी सहमूळ अशा लहान संख्या किती, हे मोजण्याची रीत अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने मांडली. आपली पोरं ती बोटांवर मोजून काढतात.

३ च्या किल्लीने लावलेले कुलूप कसे उघडायचे? ३ ला कशाने गुणले की बाकी १ उरेल, ते शोधायचे. ३४ च्या पाढ्यात एक-एक मिळवत जावे : ३५, ६९... ६९ ला ३ ने भाग जातो, आले २३. म्हणजे ३ ची उलट किल्ली २३. ताळा पाहा : ढ १४ × २३ = ३२२, ३४ चे नऊ म्हणजे ३०६ गेले, उरले १६, म्हणजे त. बरोबर.

लिपी बदलली की किल्ल्या बदलतात

खरी मजा आता. मराठीतून ळ काढा, ३३ अक्षरे उरतील. ३३ = ३ × ११. मघाशी उत्तम चाललेली ३ ची किल्ली आता बंद पडते : क (१), ठ (१२) आणि ब (२३) ही तिन्ही अक्षरे ग होतात. उलट २ ची किल्ली चालू लागते. एका ळ मुळे एवढा फरक!

उर्दूत हमज़ा आणि बड़ी ये धरून, पण दोचश्मी हे आणि नून-ग़ुन्ना वेगळे न मोजता, अक्षरे होतात ३७. ही मूळ संख्या आहे. म्हणून इथे १ ते ३६ पैकी कोणतीही किल्ली चालते, मराठीत अडलेली २ सुद्धा. क़लम म्हणजे क़ाफ़ २७, लाम ३०, मीम ३१. दुप्पट करून ३७ वजा केले की १७, २३, २५. म्हणजे झे (तीन नुक़्तेवाली), ज़ोए आणि ग़ैन. उलट किल्ली १९, कारण २ × १९ = ३८ आणि बाकी १. दोचश्मी हे धरली की अक्षरे ३८, नून-ग़ुन्नाही धरला की ३९. दर वेळी उत्तर बदलते. एकत्र पाहू :

– इंग्रजी २६ (२ × १३) : चालणाऱ्या किल्ल्या १२
– अरबी २८ (४ × ७) : १२
– मराठी, ळ वगळून ३३ (३ × ११) : २०
– मराठी ३४ (२ × १७) : १६
– उर्दू ३७ (मूळ संख्या) : ३६
– उर्दू ३८ (२ × १९) : १८
– उर्दू ३९ (३ × १३) : २४

अक्षरे जास्त म्हणून किल्ल्या जास्त, असे नाही. ३४ पेक्षा ३३ ला जास्त, ३८ पेक्षा ३७ ला दुप्पट. मूळ संख्येला कोणी आत शिरू देत नाही, म्हणून तिच्याकडे सगळ्या किल्ल्या शाबूत राहतात. आणि हा तक्ता करायला जे मूल दोन-तीन लिप्या जाणते तेच वर्गात पुढे असते. ‘लिप्यांमध्ये गोंधळतो’ असे ज्याच्याबद्दल बोलले जाते, त्याच्याकडे इतरांपेक्षा एक घड्याळ जास्त आहे.

अबजद आणि कटपयादी

अक्षरांना संख्या देण्याची रीत आपल्याकडे जुनीच. अबजदमध्ये अलिफ़ १, बे २, जीम ३, असे ये १० पर्यंत, मग काफ़ २०, लाम ३०, पुढे क़ाफ़ १००, रे २०० आणि शेवटी ग़ैन १०००. ‘बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम’च्या लिहिलेल्या अक्षरांची बेरीज १०२ + ६६ + ३२९ + २८९ = ७८६. हा आकडा लिहावा की नाही हा उलेमांचा विषय, आपण इथे फक्त बेरीज पाहतो आहोत. मस्जिदी, मक़बरे यांच्या शिलालेखांतही शब्दांच्या बेरजेत साल गुंफण्याची, म्हणजे तारीख़-गोईची परंपरा आहे.

अबजद ही सांकेतिक लिपी का नाही, हा वर्गात विचारण्यासारखा प्रश्न. ‘अब’ची बेरीज ३ आणि एकट्या जीमचीही ३. बेरजेवरून शब्द परत मिळत नाही. अगदी २ च्या किल्लीसारखेच.

संस्कृत ग्रंथांत कटपयादी नावाची पद्धत आहे. क ते ञ म्हणजे १ ते ९ आणि ०, ट ते न पुन्हा तसेच, प ते म १ ते ५, य ते ह १ ते ८. आपल्या नंबरांशी ताडून पाहा : ट ११ चा १, न २० चा ०, म २५ चा ५. म पर्यंत हा आकडा म्हणजे नंबराला १० ने भागून उरलेली बाकी! य ला मोजणी नव्याने १ पासून सुरू होते.

कुलूप फोडणारा अल-किंदी

गुणणे आणि मिळवणे दोन्ही एकत्र केले तर मराठीत १६ × ३४ = ५४४ किल्ल्या होतात, उर्दूच्या ३७ अक्षरांत ३६ × ३७ = १३३२. एवढ्या किल्ल्या म्हणजे चिठ्ठी सुरक्षित? नाही. नवव्या शतकात बग़दादमध्ये काम करणाऱ्या अल-किंदीने अरबीत रिसाला लिहून दाखवले की, भाषेत काही अक्षरे जास्त वेळा येतात, काही क्वचित. गुप्त मजकुरात सर्वांत जास्त वेळा आलेले चिन्ह हे बहुधा त्या भाषेतले सर्वांत जास्त वापराचे अक्षर. किल्ली माहीत नसताना फक्त मोजणी करून कुलूप उघडते. या रिसाल्याची हस्तलिखित प्रत इस्तंबूलच्या सुलेमानिया ग्रंथालयात सापडली.

हा प्रयोग घरी होतो. मराठी वर्तमानपत्रातला एक आणि उर्दू वर्तमानपत्रातला एक परिच्छेद घ्या, प्रत्येक अक्षर किती वेळा आले त्याच्या खुणा करा. तालिका आणि स्तंभालेख हा अभ्यासक्रमातलाच भाग आहे.

आजची मजबूत कुलुपे वेगळी आहेत, पण पाया हाच. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी मांडलेली आरएसए पद्धत दोन मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकारावर उभी आहे. गुणाकार करणे सोपे, पण तो पाहून त्या दोन संख्या शोधणे फार अवघड. २ × १७ चटकन ओळखू येते, शेकडो अंकी संख्येचे तसे होत नाही.

घरी आणि वर्गात कसे घ्यावे

– पाचवी : वार आणि घड्याळाची बाकी, सरकवण्याची किल्ली. पुठ्ठ्याच्या दोन चकत्या मध्ये टाचणीने जोडल्या की साधन तयार.
– सहावी : गुणाकाराची किल्ली, चालणाऱ्या-न चालणाऱ्यांची यादी, मसावि.
– सातवी-आठवी : उलट किल्ली शोधणे, वेगवेगळ्या लिप्यांचा तक्ता, अक्षरांची मोजणी.

दोन पथ्ये पाळावीत. नियम आधी सांगू नये, मुलांनी चिठ्ठी वाया घालवून तो शोधावा. आणि अक्षरांच्या बेरजेवरून नशीब सांगण्याचा नाद याला लावू नये, हे गणित आहे.

संख्यांशी खेळायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म शोधला आणि आज ती जगभर कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखली जाते. ते शाळामास्तर होते.

शेवटी मुलांसाठी एक चिठ्ठी. मराठीची ३४ अक्षरे, गुणाकाराची किल्ली ३ :

च त व ड

प्रत्येक नंबराला २३ ने गुणा, ३४ ने भागा, बाकी लिहा. काना-मात्रा स्वतः लावा. उत्तर आपल्याच भागातले आहे.