मृत वानराची साक्ष

हैदराबादजवळच्या सिकंदराबाद छावणीत, बेगमपेठ येथे, २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टराला डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले. माणसाच्या रोगाचा शोध घेताना क्षुद्र कीटकाकडेही पाहावे लागते, हा धडा त्या दिवशी पक्का झाला. त्याआधी, १८९३ साली, अमेरिकेत स्मिथ व किलबोर्न यांनी गुरांचा एक ताप गोचिडीमुळे पसरतो हे सिद्ध केले होते. गोचीड माणसाचाही जीव घेऊ शकते, याची दक्षिण भारतातील साक्ष मात्र रॉसनंतर साठ वर्षांनी मिळाली. आणि ती दिली माकडांनी.

१९५७ च्या मार्च महिन्यात म्हैसूर राज्याच्या शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात माकडे व वानरे मरून पडू लागली. रानात जाणारे आसपासचे गावकरीही तापाने अंथरुणास खिळले, काही दगावले. पुण्यात १९५२ साली स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राचे तज्ज्ञ तेथे गेले. माकडे मरतात, त्या अर्थी आफ्रिकेतील पीतज्वर या देशात शिरला की काय, अशी प्रथम धास्ती वाटली. परंतु हाती लागलेला विषाणू रशियातील गोचीड-तापाच्या कुळातला निघाला. स्थलांतरी पक्ष्यांनी तो आणला असेल काय, या शंकेपायी सलीम अली यांच्या नेतृत्वाखालील पक्षी-स्थलांतराच्या अभ्यासास जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्यही लाभले.

या रोगाचे चक्र मोठे गुंतागुंतीचे आहे. गोचिडीची पिले उंदीर, चिचुंद्री, पक्षी व माकडे यांच्या रक्तावर वाढतात. पूर्ण वाढलेली गोचीड गुरांना धरते. गुरे स्वतः आजारी पडत नाहीत. तथापि रानात चरणाऱ्या गाईमुळे गोचिडींची पैदास वाढते. माकड मेले, की त्याच्या अंगावरील गोचिडी पाल्यापाचोळ्यात उतरतात आणि पुढच्या वाटसरूची वाट पाहतात.

म्हणूनच मेलेले माकड हा धोक्याचा पहिला इशारा होय. ते आढळताच शवाची तपासणी करावयाची, सभोवार ५० मीटरपर्यंत कीटकनाशक टाकावयाचे, जमिनीवरून फडके ओढून गोचिडी गोळा करावयाच्या व प्रयोगशाळेत पाठवावयाच्या, असा हा पहारा असतो. श्रद्धेपोटी मृत वानराला स्वतः उचलून मूठमाती देण्याची रीत पुष्कळ गावांत आहे. भावना थोर खरी. पण वार्ता न देता केलेला तो संस्कार उचलणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतो.

पुढे हा रोग क्यासनूरपुरता राहिला नाही. २०१५ साली तो गोव्यातील सत्तरीत आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्गात प्रकटला. तेथे त्याला ‘माकडताप’ म्हणतात. जुन्या लसीचा वापर २०२२ साली थांबला. नव्या लसीच्या कामात हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सचा वाटा आहे. पण लस आली तरी पहारा सुटणार नाही. रानात माकड मरून पडल्याचे प्रथम दिसते ते गुराख्याला किंवा काजूच्या बागेतील मजुराला; त्याने वेळीच दिलेली वर्दी, हीच या पहाऱ्याची पहिली चौकी होय.