इथरनेटच्या तारेतील जोडणीदोष : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

घरातील संगणक राउटरला जोडण्यासाठी तारेच्या टोकांना स्वतः प्लग बसविणाऱ्या व्यक्तीला कधी कधी एक कोडे पडते. आठही तारा अखंड असतात, टेस्टरवरील आठही दिवे क्रमाने लागतात. तरीही जोडणी मंद चालते अथवा वारंवार तुटते. अशा वेळी दोष संगणकाला, राउटरला किंवा सेवा पुरविणाऱ्या कंपनीला दिला जातो. प्रत्यक्षात दोष बहुधा तारांच्या क्रमात असतो. प्लगमधील १ व २ या स्थानांवर एक जोडी, ३ व ६ या स्थानांवर दुसरी आणि त्यांच्या मधोमध ४ व ५ वर तिसरी, हा क्रम प्रथमदर्शनी अनाकलनीय वाटतो. त्याचे उत्तर विद्युतशास्त्राइतकेच दूरध्वनीच्या इतिहासातही दडलेले आहे. या इतिहासाचा आणि त्यातून उद्भवलेल्या दोषांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

एकाच तारेचा काळ

अमेरिकेतील पालो अल्टो येथील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी मे १९७३ मध्ये इथरनेटची कल्पना एका टिपणात मांडली. डेव्हिड बॉग्ज यांच्या सहकार्याने ती प्रत्यक्षात आली. १९८० मध्ये डिजिटल, इंटेल व झेरॉक्स या कंपन्यांनी सेकंदाला १० मेगाबिट वेगाचे विनिर्देश प्रसिद्ध केले. या व्यवस्थेत जाड कोॲक्सियल तारेचा एकच सलग भाग ५०० मीटरपर्यंत नेता येई व सर्व संगणक त्यालाच जोडले जात. तार एका ठिकाणी तुटली किंवा टोकावरील रोधक निघाला, तर संदेश टोकावरून परावर्तित होऊन संपूर्ण भागच बंद पडे. म्हणून तारेत विद्युत स्पंद सोडून तो परत येण्यास लागणाऱ्या वेळेवरून दोषाचे अंतर काढणारी उपकरणे वापरली जात. या काळात दोष शोधणे म्हणजे मुख्यतः तुटलेले ठिकाण शोधणे होते.

दूरध्वनीचा वारसा

प्रारंभीच्या दूरध्वनीत एकच तार असे व परतीचा मार्ग जमिनीतून जाई. त्यामुळे शेजारच्या तारांवरील आवाज संभाषणात मिसळत. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये यावर दोन तारा परस्परांभोवती पिळण्याचा उपाय पेटंटद्वारे मांडला. पीळ दिलेल्या दोन्ही तारांवर बाहेरचा उपद्रव जवळजवळ सारखाच पडतो आणि दोहोंतील फरक तेवढा संदेश म्हणून वाचला की तो उपद्रव नाहीसा होतो. हे तत्त्व एकाच अटीवर टिकते : संदेश नेणाऱ्या दोन्ही तारा एकाच पिळातील असल्या पाहिजेत.

अमेरिकेतील दूरध्वनीच्या प्लगमध्ये पहिली जोडी मधोमध व पुढील जोड्या तिच्या दोन्ही बाजूंस, अशी रचना रूढ झाली होती. आठ स्थानांच्या प्लगमध्ये ती ४-५, ३-६, २-७ व १-८ अशी होई. आवाजासाठी ही रचना पुरेशी होती. मात्र उच्च वारंवारतेच्या संदेशांसाठी बाहेरच्या जोड्यांतील दोन तारांमधील अंतर फार होते.

मानकाची निर्मिती

१ जानेवारी १९८४ रोजी एटी अँड टी या कंपनीचे विभाजन झाले. त्यानंतर इमारतींतील तारांसाठी कोणा एका कंपनीवर अवलंबून नसलेल्या मानकाची निकड वाढली. १९९० मध्ये इथरनेटला दूरध्वनीसारख्या पीळदार तारांवर १०० मीटरपर्यंत चालविणारे मानक मान्य झाले. त्यात १-२ व ३-६ या जोड्या वापरल्या गेल्या. मधली ४-५ ही जोडी दूरध्वनीसाठी मोकळी राहिली. १९९१ मध्ये इमारतींतील तारांचे ५६८ हे मानक प्रसिद्ध झाले. या मानकाच्या परंपरेत ‘ए’ व ‘बी’ असे दोन क्रम रूढ झाले. दोहोंत आतील दोन जोड्यांची स्थाने जुन्या दूरध्वनीप्रमाणेच राहिली व बाहेरच्या तारांच्या १-२ व ७-८ अशा नव्या जोड्या केल्या गेल्या. ‘ए’ व ‘बी’ यांत फरक आहे तो केवळ नारिंगी व हिरव्या जोडीच्या स्थानांचा. म्हणजे आजचा क्रम हा जुनी गरज व नवी गरज यांतील तडजोड होय.

दोषांचे स्वरूप व परीक्षण

तार तुटणे, दोन तारा एकमेकींस चिकटणे, एका जोडीतील तारांची अदलाबदल आणि दोन जोड्यांची अदलाबदल हे दोष साध्या टेस्टरवर दिसतात. एका टोकास ‘ए’ व दुसऱ्यास ‘बी’ क्रम दिल्यास जोड्यांची अदलाबदल होते. पूर्वी यामुळे जोडणी होत नसे, परंतु गिगाबिट उपकरणे सहसा हा फरक स्वतःच सावरून घेतात.

फुटलेल्या जोडीचा दोष मात्र वेगळा आहे. एखाद्याने दोन्ही टोकांस १-२, ३-४, ५-६, ७-८ अशा सरळ जोड्या लावल्या, तर प्रत्येक तार आपापल्या स्थानी पोहोचते व सर्व दिवे लागतात. तथापि ३ व ६ या तारा दोन भिन्न पिळांतून जातात आणि पिळाचे संरक्षण संपते. कमी वेगावर, थोड्या अंतरावर हे खपून जाते; वेग वाढताच चुका होऊ लागतात. जोड्यांमधील क्रॉसटॉक मोजणारे उपकरण हा दोष दाखविते. ते नसल्यास दोन्ही टोकांचे रंग ताडून पाहणे हाच भरवशाचा उपाय ठरतो. ‘बी’ क्रमात पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असे रंग येतात. प्लगपाशी पीळ १३ मिलिमीटरपेक्षा अधिक उलगडू नये.

१९९९ च्या गिगाबिट मानकाने चारही जोड्या वापरात आणल्या. त्यामुळे निळ्या किंवा तपकिरी जोडीतील जो दोष १०० मेगाबिटवर जाणवत नव्हता, तो नवे उपकरण येताच उघड होतो. जुन्या घरात निळी जोडी दूरध्वनीला दिली असेल, तर तीच अडचण येते. अशा ठिकाणी तार बिघडली नसून तिच्याकडून असलेली अपेक्षा बदललेली असते.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, तुटलेले ठिकाण शोधण्यापासून सुरू झालेले इथरनेटच्या तारेचे परीक्षण जोडीची शुद्धता तपासण्यापर्यंत आले आहे. तार अखंड असणे आणि तार योग्य असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सरळ क्रम लावणारा माणूस निष्काळजी नसतो. तो आपल्या तर्काने चालतो. त्या क्रमामागचा इतिहास मात्र त्याला कोणी सांगितलेला नसतो. यंत्र बदलण्यापूर्वी दोन्ही टोकांचे रंग एकदा ताडून पाहिले, तर पुष्कळसा खर्च व मनस्ताप टळू शकतो.