दिनविशेष : २५ जुलै
प्रकाशातून गोष्ट सांगणारा दिग्दर्शक

ब्रॉडवेवरील नामवंत दिग्दर्शक-निर्माते डेव्हिड बेलास्को यांचा जन्म २५ जुलै १८५३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झाला. त्यांच्यावरचा नेहमीचा आक्षेप असा, की त्यांनी नाटकापेक्षा देखाव्यालाच महत्त्व दिले. १९१२ च्या ‘द गव्हर्नर्स लेडी’त त्यांनी न्यूयॉर्कच्या चाइल्ड्स या खानावळीची हुबेहूब प्रतिकृती रंगमंचावर उभारली, हे खरेच. त्यांच्या अनेक संहिता भडक होत्या, हेही मान्य करायला हवे. पण १९०० चे ‘मादाम बटरफ्लाय’ पाहिले की हा आक्षेप लंगडा पडतो. पतीची वाट पाहत नायिका रात्रभर बसून राहते. संध्याकाळ सरते, कंदील एकेक करून विझतात, पहाट होते. सुमारे चौदा मिनिटे रंगमंचावर एकही शब्द उच्चारला जात नाही. तिची आशा कशी मावळते, ते फक्त बदलता प्रकाश सांगतो. याला नुसती सजावट कसे म्हणावे? इंग्रजीचे जेमतेम ज्ञान असलेल्या इटालियन संगीतकार पुच्चिनींनी हे नाटक लंडनमध्ये पाहिले आणि ते भारावून गेले. त्यावरची त्यांची संगीतिका १९०४ मध्ये मिलानला रंगभूमीवर आली. पुढे नाटककार यूजीन ओनील यांच्या पिढीने बेलास्को यांची रंगभूमी कालबाह्य ठरवली. संहितांपुरता तो निवाडा योग्यच होता. प्रकाशयोजनेला मात्र तो लागू पडत नाही. बेलास्को १४ मे १९३१ रोजी न्यूयॉर्कमध्ये निवर्तले. त्यांनी १९०७ मध्ये उघडलेले नाट्यगृह आज त्यांच्याच नावाने सुरू आहे.