अग्निशस्त्र-विक्रेत्यांची दप्तरे, अमेरिकेतील
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत परवानाधारक विक्रेत्याने आपल्याकडे आलेल्या व आपल्याकडून गेलेल्या प्रत्येक अग्निशस्त्राची नोंद ठेवावी, असे संघीय कायद्याचे बंधन आहे. त्या देशात सर्व अग्निशस्त्रांची मध्यवर्ती नोंदणी नाही. त्यामुळे गुन्ह्यात सापडलेल्या शस्त्राचा माग मुख्यत्वे या दप्तरांवरूनच काढावा लागतो.

१९३४ च्या अधिनियमाने यांत्रिक बंदुका, आखूड नळीच्या बंदुका इ. मोजक्या शस्त्रांची नोंदणी व त्यांवरील कर लागू केला. १९३८ च्या अधिनियमाने विक्रेत्यांस परवाना व नोंदी आवश्यक ठरविल्या. परवान्याचे शुल्क मात्र केवळ एक डॉलर होते. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येत वापरलेली रायफल टोपणनावाने टपालाद्वारे मागविलेली होती. तिच्या अनुक्रमांकावरून आयातदार व शिकागो येथील विक्रेता यांची दप्तरे तपासली असता मूळ मागणीपत्र हाती आले. या घटनेने टपाल-विक्रीतील धोका व दप्तरांचे मोल ही दोन्ही प्रत्ययास आली. तथापि मार्टिन ल्यूथर किंग व रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या होईपर्यंत व्यापक कायदा झाला नाही. २२ ऑक्टोबर १९६८ रोजी बंदूक-नियंत्रण अधिनियमावर स्वाक्षरी झाली. त्यान्वये सामान्य ग्राहकास आंतरराज्यीय टपालाद्वारे विक्री करण्यास बंदी आली व नव्या शस्त्रांवर अनुक्रमांक सक्तीचा झाला. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना हवी असलेली सार्वत्रिक नोंदणी मात्र काँग्रेसने नाकारली.

विक्रेत्याच्या वहीत शस्त्राचा निर्माता, प्रकार, अनुक्रमांक, प्राप्ती व विक्री यांच्या तारखा आणि संबंधितांची नावे असतात. प्राप्तीची नोंद पुढील कामकाजाच्या दिवसाअखेर व विक्रीची सात दिवसांत करावयाची असते. ग्राहक ४४७३ क्रमांकाच्या प्रपत्रावर आपण अपात्र नसल्याचे स्वाक्षरीनिशी घोषित करतो. हे प्रपत्र शासनाकडे न जाता दुकानातच राहते. शासनास कळविण्याचे प्रसंग मोजके आहेत : पाच सलग कामकाजाच्या दिवसांत एकाच ग्राहकास दोन वा अधिक पिस्तुले वा रिव्हॉल्व्हरे विकल्यास प्रतिवृत्त पाठवावे लागते (१९७५ पासून), शस्त्र चोरीस गेल्यास किंवा हरवल्यास ते ४८ तासांत कळवावे लागते (१९९४ पासून).

दप्तर दुकानात असावे की शासनाकडे, हा या इतिहासातील मूळ वाद होय. विक्रेत्यांनी व्यवहारांची माहिती ठरावीक मुदतीने केंद्राकडे पाठवावी, अशी सूचना १९७८ मध्ये पुढे आली. परंतु काँग्रेसने तीस पैसा नाकारला. १९८६ च्या अधिनियमाने अशा दप्तरांवरून मध्यवर्ती नोंदणी उभारण्यास स्पष्ट मनाई केली व नियमित तपासणी सामान्यतः वर्षातून एकदाच करण्याची मर्यादा घातली. नोंदणीतून पुढे शस्त्रजप्ती होईल, ही भीती या विरोधामागे होती. व्यवसाय बंद करणाऱ्या विक्रेत्यांची दप्तरे मात्र वेस्ट व्हर्जिनियातील मार्टिन्सबर्ग येथील शोधकेंद्रात जमा होतात. तेथेही ती ग्राहकाच्या नावावरून शोधता येत नाहीत.

माग काढताना निर्माता, घाऊक व्यापारी व किरकोळ विक्रेता या क्रमाने पहिल्या ग्राहकापर्यंत पोहोचता येते. त्यानंतर खाजगी व्यक्तींनी आपसांत केलेल्या विक्रीची नोंद संघीय कायद्याने सक्तीची केलेली नाही; काही राज्यांनी तिच्यासाठी स्वतंत्र नियम केले आहेत.