दुर्बिणीवरचे बाण आणि पदकाची कड

कासारसाईच्या धरणावर सुट्टीच्या दिवशी शहरातली माणसं गळ्यात नव्या दुर्बिणी अडकवून पक्षी बघायला येतात. मी मात्र गेलो होतो एका जुन्या दुर्बिणीसाठी. गावातल्या एका चाचांच्या पत्र्याच्या पेटीत ती होती. चाचा ऐंशीच्या पुढचे. दुर्बीण हातात देताना म्हणाले, "आमच्या दादानं बसऱ्याला तुर्काच्या कप्तानाकडनं घेतली. जर्मनीची हाये." आपल्याकडे दादा म्हणजे आजोबा, हे बिगरमुस्लीम वाचकांसाठी सांगून ठेवतो.

बोलावणं नातवाचं होतं. पंधरा ऑगस्टला शाळेत जुन्या वस्तू मांडायच्या होत्या आणि त्याला दुर्बिणीपुढे चिठ्ठी ठेवायची होती: 'पहिल्या महायुद्धातील जर्मन दुर्बीण'. म्हणाला, "सर, लोक विचारतात, तुमच्यातलं कोण होतं फौजेत? दाखवायला काहीतरी पाहिजे ना." हे वाक्य मी घरी घेऊन आलो, म्हणून हा लेख.

गोष्ट अशक्य नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या वेळी मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत. इराकच्या मोहिमेत पुण्याचं नाव लावणारी सहावी डिव्हिजन होती आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. तुर्की अधिकाऱ्याकडे जर्मन दुर्बीण असणंही सहज शक्य. जर्मनी तुर्कांचा दोस्त होता आणि येना गावच्या कार्ल त्साइस कारखान्यात १८९४ पासून प्रिझमच्या दुर्बिणी बनत होत्या.

पण शक्य असणं वेगळं आणि घडलेलं असणं वेगळं. दुर्बिणीची ओळख पटवायची तर आधी गोष्ट बाजूला ठेवायची आणि धातूवरची अक्षरं वाचायची. ही अक्षरं बहुधा प्रिझमवरच्या दोन झाकणांवर, म्हणजे डोळ्यांकडच्या बाजूच्या चपट्या पत्र्यांवर कोरलेली असतात. या दुर्बिणीला कुणीतरी वरून काळा रंग फासला होता. अशा वेळी पॉलिश पेपर घासायचा नाही, अक्षरंच जातात. मऊ ब्रश फिरवला आणि उजेड तिरका पाडला, तर खोलगट रेघा दिसू लागतात.

पहिल्यांदा दिसली कावळ्याच्या पायासारखी तीन रेघांची खूण. हा ब्रिटिश सरकारचा बाण. 'हा माल सरकारचा' एवढाच त्याचा अर्थ. जर्मन वस्तूवर तो मुळात कोरलेला नसतो. त्याखाली 'बिनो. प्रिझम नं. २ मार्क २' आणि 'एक्स ६' अशी अक्षरं निघाली. हा ब्रिटिश लष्कराचा ठरलेला नमुना: सहापट मोठं दाखवणारा, पुढची भिंग ३० मिलिमीटरची. मग बनवणाऱ्याचं नाव आलं, केरशॉ. इंग्लंडमधल्या लीड्सचा हा कारखाना. सिनेमाच्या थिएटरांतले 'कॅली' प्रोजेक्टर याच केरशॉचे. आणि शेवटी साल, १९४१.

साल वाचूनही मी थांबलो नाही, कारण एका खुणेवर विसंबू नये. भिंगांवर दिव्याचा उजेड पाडून पाहिला. प्रतिबिंब पांढरं पडलं. जांभळट किंवा निळसर दिसलं असतं तर भिंगावर चकाकी कमी करणारा लेप आहे असं समजायचं. तो शोध त्साइस कारखान्यात १९३५ साली लागला आणि सगळीकडे पोचायला पुढची काही वर्षं गेली. बिनलेपाचं भिंग १९४१ च्या ब्रिटिश लष्करी दुर्बिणीला जुळतं. दुसऱ्या महायुद्धातली जर्मन दुर्बीण असती तर कारखान्याच्या नावाऐवजी तीन अक्षरांची गुप्त खूण असती. त्साइसची 'बीएलसी' होती. तशी खूण कुठेच नव्हती.

एका कोपऱ्यात आणखी दोन बाण होते, टोकाला टोक भिडवलेले. याचा अर्थ, सरकारने हा माल सेवेतून काढून विकून टाकला. म्हणजे लूट नाही, कुणा साहेबाचं बक्षीसही नाही.

हे चाचांना सांगणं अवघड गेलं. ते बराच वेळ दुर्बिणीचा पट्टा चोळत बसले. मग म्हणाले, "अब्बा पुण्याच्या जुन्या बाजारातनं कायबाय आणायचे. शेतात डुकरं यायची, ती बघायला." नातू माझ्याकडे बघतच राहिला. जिच्यावर भिस्त होती ती वस्तूच हातातून गेली होती.

"मग दादांचं काहीच नाही का?" मी विचारलं. चाचांनी पेटी पुन्हा उघडली. कापडाच्या पुरचुंडीत चांदीचा एक मोठा 'रुपया' होता. लहानपणी पोरं त्याच्याशी खेळायची. एका बाजूला बादशहा पाचवा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार आणि १९१४, १९१८ ही सालं. वरची अडकवायची पट्टी तुटून गेलेली. हा रुपया नव्हता, पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश पदक होतं. या पदकाच्या कडेवर ज्याला ते मिळालं त्याचं नाव घातलेलं असतं.

अक्षरं बारीक होती. मी दुर्बीण उलटी धरली. मोठ्या भिंगाला डोळा लावला आणि डोळ्याचं भिंग कडेच्या अगदी जवळ नेलं, की दुर्बीण सूक्ष्मदर्शकासारखी चालते. क्रमांक, 'शिपाई', दादांचं नाव आणि पुढे ११० मराठा. मोठ्याने वाचलं तेव्हा चाचांनी दोन्ही हात तोंडावरून फिरवले.

११० मराठा पलटण कुतच्या वेढ्यात होती. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी कुत वेढलं. अन्न संपलं, लष्कराची जनावरं कापून खावी लागली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेने शरणागती पत्करली. पुढच्या पायपिटीत आणि कैदेत कितीतरी शिपाई मेले. दादा त्या वेढ्यात होते की नंतर पलटणीत आले, हे पदक सांगत नाही. पण दादा मराठा पलटणीचे शिपाई होते हे ते नक्की सांगतं. समोर खलिफाची फौज होती. मुसलमान शिपायाने घरी परतून त्याबद्दल किती आणि काय बोलावं? चाचांना आठवतं एवढंच, की बसऱ्याचं नाव निघालं की दादा गप्प होत. ती रिकामी जागा घरच्यांनी दुर्बिणीने भरली असावी.

आपल्या घरांतून हे अनेकदा होतं. कुणी पुरावा मागितला की आपण हाताशी येईल ती वस्तू पुढे करतो आणि तिला खऱ्या माणसाची गोष्ट चिकटवतो. उद्या एखादा जाणकार ती अक्षरं वाचतो, वस्तू खोटी ठरते आणि तिच्याबरोबर खरा माणूसही खोटा ठरतो. म्हणून आपल्या वस्तू आधी आपणच नीट वाचायला हव्यात.

नातवाने नव्या दोन चिठ्ठ्या लिहिल्या. पदकाच्या चिठ्ठीवर दादांचं नाव आणि पलटण. दुर्बिणीच्या चिठ्ठीवर: 'केरशॉ, लीड्स, १९४१. आमच्या पणजोबांनी जुन्या बाजारातून आणली. शेतराखणीसाठी.'